ऑगस्टात डार्टमूर: लातूरहून विचारणा

मंडळी, नमस्कार.

लेकीमुळे या लिस्टवर आहे, एरवी नुसता वाचतो. ऑगस्टात आम्ही दोघं ब्रिस्टलला तिच्याकडे यायलोत. लंडन मागच्या खेपेला झालं. यंदा डार्टमूरवर, म्हणजे इंग्लंडच्या नैर्ऋत्येच्या मोकळ्या माळावर, पायी फिरायचं डोक्यात घेतलंय. रोज पहाटेचं चालणं आहे आणि उमर बालाघाटच्या माळावर गेलीय. तिथलं सगळ्यात उंच टोक हाय विल्हेज म्हणे 621 मीटर. आमचं लातूरच जवळपास तेवढ्या उंचीवर आहे! एका दिवसात होईल ना? जावईबापू तंबू टाकू म्हणायलेत. चालतं का?

लातूरचे काका

---

काका, नमस्कार.

मी मूळचा अंबाजोगाईचा, आता एक्झिटरला. माळाची सवय आहे हे उत्तमच, पण हाय विल्हेजच्या नादी लागू नका. चढ काहीच नाही हो, दमवते ती पायाखालची जमीन. आपला माळ मुरमाड, पाऊस थांबला की निथळून मोकळा. इथं खाली ग्रॅनाइट आणि वर पीट, म्हणजे पुरतं न कुजलेल्या शेवाळ-गवताचा थर. तो पाणी सोडतच नाही. माळावरच्या प्रिन्सटाउन गावाला वर्षाला सुमारे 2000 मिलिमीटर पाऊस पडतो. 2016 साली रेल्वेनं पाणी प्यालेल्या लातूरकरांना काय सांगायचं म्हणा! लुसलुशीत हिरवागार तुकडा दिसला की आधी काठी टेकवून बघा. हातभर आत गेली तर वळसा घाला.

शिवाय हाय विल्हेजचा तो उत्तरेकडचा भाग लष्कराच्या गोळीबार सरावाचा. सराव असला की लाल झेंडे लावतात, तारखाही आधी जाहीर होतात. झेंडा नसला तरी पडलेली धातूची वस्तू उचलायची नाही.

धुकं तर बघता बघता उतरतं. मोबाइलला रेंज असेलच असं नाही, म्हणून कागदी नकाशा (ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा, क्रमांक ओएल 28) आणि होकायंत्र हवंच. चकवा इथंही लागतो बरं का! तो पिक्सी नावाची चिमुकली भुतं लावतात आणि उतारा म्हणून अंगातला कोट उलटा घालायचा, असं जुनी माणसं मानत. मी आपला होकायंत्रावर भरवसा ठेवतो.

तुमच्यासाठी हेटॉर ते हाउंड टॉर ही वाट बरी. टॉर म्हणजे टेकडीच्या माथ्यावरचा उघडा खडक. हेटॉरच्या खडकाला वळसा घालून खाणीपाशी गेलात की 1820 ची ट्रामवे, म्हणजे खाणीतला दगड वाहायची गाडीवाट, दिसेल. तिचे रूळच दगडाचे! ग्रॅनाइटच्या लांब ठोकळ्यांना चाकाच्या मापाची खाच पाडलेली आहे, बोट फिरवून बघा. 1831 चा लंडन ब्रिज बांधायला इथला दगड गेला. पुढं बेका ब्रुक ओढ्यापर्यंत बऱ्यापैकी उतार आणि पलीकडं तेवढाच चढ. काकूंचे गुडघे कसे आहेत? वर मध्ययुगीन ओसाड गाव आहे. एकाच लांबट घरात एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गुरं. छप्परं गेली, जोती शाबूत आहेत. ऑगस्टात हेदरची बुटकी झुडपं फुलून सगळा उतार जांभळा असतो.

तंबू चालतो. 21 मे 2025 ला इथल्या सर्वोच्च न्यायालयानं माळावर तंबू टाकायचा हक्क कायम ठेवला. मात्र ठरावीक भागातच, पाठीवर मावेल एवढंच सामान, चूल पेटवायची नाही. पहिल्याच वेळी नको, असं माझं मत.

---

बरं बुवा, हेटॉर तर हेटॉर. हिचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत! ती दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणणार आहे. विचारायली, तिथल्या मोकळ्या घोड्यांना दशमी घालावी का?

लातूरचे काका

---

काकूंना सांगा, अजिबात नाही. घोड्यांना खायला घालायला बंदी आहे. चटक लागली की ती रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली सापडतात. दशम्या मला द्या, मी येतोच आहे. पायघोळ पँट आणि लांब मोजे घाला, गवतात गोचीड असतात. शनिवार-रविवार टाळा, हेटॉरचा वाहनतळ लवकर भरतो. तारीख कळवा.