सभागृहावर सोलर बसवताय? मग बॅटरीशिवाय बसवू नका

तापीकाठ (रावेर)
आमच्या गावच्या सभागृहावर ३ किलोवॅट सोलर आहे, ऑनग्रीड, म्हणजे विजेच्या लाईनला जोडलेलं, बॅटरी नाही. मे महिन्यात वादळ झालं, केळी आडवी, पोल आडवे, ज्यांचे पत्रे उडाले ती माणसं सभागृहात आणली. रात्री अंधार होता ते ठीक, पण सकाळी कडक ऊन पडलंय, वर पॅनल तापलेत आणि खाली एक पंखा फिरेना, इन्व्हर्टरवर नुसता लाल लाईट, आणि एक बाळंतीण पुठ्ठ्याने लेकराला वारा घालतेय. ऑनग्रीड इन्व्हर्टर लाईन गेली की आपोआप बंदच होतो, आणि व्हायलाच पाहिजे, नाहीतर छतावरची वीज लाईनमध्ये उलटी जाऊन पोलवरच्या वायरमनच्या जिवावर बेतेल. म्हणून म्हणतो, संकटात माणसं जिथे ठेवायची तिथे हायब्रीड इन्व्हर्टर (लाईन नसतानाही पॅनल आणि बॅटरीवर चालणारा) आणि बॅटरी पाहिजेच. नुसतं बिल वाचवणारं सोलर तिथे कामाचं नाही.

धुळेकर_पांझरा
नाही पटत भाऊ. एवढ्या पैशात चांगला जनरेटर येतो, पाण्याची मोटारपण चालेल. आणि पूर येतो पावसाळ्यात, तेव्हा ढगात तुमचं सोलर काय देणार?

तापीकाठ (रावेर)
ढगात कमी देतं, मान्य. ३ किलोवॅटचं उन्हात दिवसाला साधारण १२ युनिट निघतात, दाट ढगात तीन-चार धरा. पण गरज किती ते बघा ना. दहा एलईडी ट्यूब, सहा कमी वॅटचे पंखे आणि मोबाईल चार्जिंग, सगळं मिळून ५०० वॅटच्या आत, रात्रभराला ५ युनिट. पंखे निम्मे केले तर ढगातही बरीच रात्र निघते. ५ एचपीची मोटार मात्र यावर लावू नका, सुरू होताना ती कितीतरी पट करंट ओढते, तिला जनरेटरच पाहिजे.

चाळीसगावचा
३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी नदीचं पाणी आमच्या शहरात शिरलं, तिकडे कन्नड घाटात दरड पडून रस्ता बंद. अशा वेळी डिझेल कुठून आणणार? आणि वर्षभर नुसत्या उभ्या असलेल्या जनरेटरची बॅटरी ऐनवेळी उतरलेलीच असते. मी सोलरच्या बाजूने आहे, फक्त इन्व्हर्टर-बॅटरी तळमजल्यावर ठेवू नका, पुराची खूण बघून तिच्या बऱ्याच वर बसवा.

गुरुजी_अमळनेर
माझा विरोध आहे, आणि तो सोलरला नाही, आपल्या सवयीला आहे. गावोगावच्या सोलर दिव्यांच्या बॅटऱ्या कुठे गेल्या सगळ्यांना माहितीय. शिवाय इथली उष्णता, मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. लेड ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ डिग्रीच्या वर दर १० डिग्रीला जवळपास निम्मं होतं. लिथियम बरी, पण तिच्याही चार्जिंगला कंपनीच तापमानाची मर्यादा लिहून देते. ठेकेदार बसवून जाईल, पुढे बघणार कोण?

साक्रीवाला
आमना साक्री तालुकामा शिवाजीनगरले १२५ मेगावॅटना सोलर प्रकल्प शे, तरी लाईन पडनी का गावमा अंधार. साठवाले बॅटरी पाहिजेच भाऊ. आन त्या पीएम सूर्यघर योजनानी ७८ हजार सबसिडीवर विसंबू नका, ती घरासाठी शे, ग्रामपंचायतना सभागृहले नही.

तापीकाठ (रावेर)
गुरुजींचा मुद्दा खरा आहे, म्हणूनच बॅटरी स्लॅबच्या खोलीत, उत्तरेकडच्या भिंतीला, जाळीचा दरवाजा आणि हवा खेळती पाहिजे. इमर्जन्सीच्या लाईट-पंख्यांची वायरिंग वेगळी काढा म्हणजे लग्नातला डीजे कोणी त्यावर लावणार नाही. दर महिन्याला एकदा मेन स्विच पाडून रात्रभर बॅटरीवर चालवून बघायचं, म्हणजे बिघाड आधीच कळेल.

गुरुजी_अमळनेर
ही महिन्याची तपासणी कोणी करायची त्याचं नाव आणि बॅटरी बदलायला दरवर्षी बाजूला टाकायची रक्कम, दोन्ही ग्रामसभेच्या ठरावात लिहा. तेवढं लिहिलं तर मी ठरावाच्या बाजूने हात वर करतो, नुसतं तोंडी सांगाल तर नाही करणार.