मे महिन्यातली टस्कनी: अंतर नको, चढ मोजा

प्रेषक: मंजिरी
विषय: मे मधली सायकल सहल, मार्ग ठरवूया

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वेळी बोलणं झालं होतं, त्याप्रमाणे पुढच्या मे महिन्यात आठवडाभर इटलीतल्या टस्कनीला सायकलवर जायचं नक्की करतेय. आतापर्यंत आठ जणांनी होकार कळवलाय. दोघांकडे ई-बाइक आहेत, बाकीच्यांच्या साध्या गिअरच्या सायकली. तिघांनी सामान लादून सायकल कधी चालवलेली नाही.

माझ्या डोक्यात फ्लॉरेन्सहून निघून ग्रेवे, कास्तेल्लिना करत सिएनाला उतरायचं, आणि पुढे दक्षिणेकडे वाल दॉर्चापर्यंत (ओर्चा नदीच्या खोऱ्यापर्यंत) जायचं असा मार्ग आहे. रोज साधारण 80 किलोमीटर. आपल्या इथे र्‍हाइन नदीच्या सपाट काठाने आपण तेवढं दुपारपर्यंत संपवतो, म्हणून तो आकडा धरलाय. सुहासकाका, तुम्ही त्या भागात बरेच फिरला आहात. जरा नजर टाकाल का? शाकाहारी मंडळींच्या जेवणाचं काय होतं तेही सांगा.

मंजिरी

प्रेषक: सुहास
विषय: उत्तर: मे मधली सायकल सहल, मार्ग ठरवूया

मंजिरी,

मे महिना अगदी योग्य निवडलास. गव्हाची शेतं हिरवीगार असतात, कडेला लाल पॉपी फुललेली असते. जुलै-ऑगस्टमध्ये तेच डोंगर नांगरलेले, तपकिरी, आणि वर सावलीला झाड नाही. पण ते 80 किलोमीटर मनातून काढून टाक. सिएनाच्या दक्षिणेला सपाट रस्ता जवळजवळ नाहीच. तिथली गावं पूर्वीच्या लढायांच्या काळात संरक्षणासाठी टेकड्यांच्या माथ्यावर वसली, आणि मध्ये आर्बिया, ओंब्रोने, ओर्चा या नद्यांची खोरी. म्हणजे सकाळी गावातून उतरायचं, दिवसभर वर-खाली करायचं आणि संध्याकाळी दमल्यावर मुक्कामाचं गाव गाठायला पुन्हा चढायचं. एकच लांब घाट असला की माणूस लय पकडतो. इथे शंभर-दीडशे मीटरचे चढ एकामागून एक येतात, प्रत्येक चढ नव्याने पायात येतो. पन्नास किलोमीटरमध्ये 800-900 मीटर चढ सहज भरतो. त्यामुळे सामानासह रोज 45 ते 50 किलोमीटर भरपूर झाले. दिवस ठरवताना किलोमीटर बघू नकोस, एकूण चढ बघ.

दुसरं म्हणजे फ्लॉरेन्सहून सायकलवर निघू नका. शहराबाहेर पडताना वाहनं खूप, आणि ग्रेवेचा तो प्रसिद्ध रस्ता देखणा असला तरी मे महिन्यात मोटारी आणि मोटरसायकलींनी भरलेला असतो. त्यापेक्षा रेजिओनाले म्हणजे स्थानिक गाडीने थेट सिएना गाठा. त्या गाडीत सायकल आहे तशी चढवता येते, तिचं वेगळं तिकीट काढायचं. अतिजलद गाड्यांमध्ये मात्र ती सुटी करून पिशवीत भरावी लागते.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय, पांढरे रस्ते. स्त्रादे बियांके म्हणतात ते हेच. डांबर नाही, चुनखडीची बारीक खडी दाबून केलेले. हे रस्ते उरले यामागे एका माणसाचा हट्ट आहे. जानकार्लो ब्रोच्ची यांनी 1997 मध्ये गायोले गावातून जुन्या सायकलींची एक फेरी सुरू केली, तिचं नाव लेरोइका. पहिल्या वर्षी 92 जण होते. जुन्या काळातलं सायकलिंग लोकांना पुन्हा अनुभवता यावं आणि हे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत, हा त्यामागचा विचार. आज ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तिथे हजारो लोक 1987 च्या आधीच्या सायकली घेऊन येतात. पुढे 2007 पासून याच रस्त्यांवर व्यावसायिक शर्यतही सुरू झाली. एरवी कुठल्याही सरकारी खात्याने कच्चा रस्ता पक्का केला की आपण टाळ्या वाजवतो. इथे लोकांनी कच्चा रस्ता कच्चाच राहावा म्हणून जीव टाकला, आणि त्या भागाला त्यातूनच नवी ओळख मिळाली. मला याचं फार मोल वाटतं.

त्या फेरीचा 209 किलोमीटरचा मार्ग वर्षभर खुला असतो आणि वळणावळणावर त्याच्या पाट्या आहेत. गायोले, ब्रोलिओचा किल्ला, सिएनाच्या बाजूने राडी, मोंताल्चिनो, तोरेनिएरी, लुचिन्यानो दासो, अशानो, मोंते सान्ते मारिए, वाल्याली, राड्डा आणि परत गायोले. जवळपास निम्मा भाग खडीचा. तो सगळा करायचा अट्टहास नको, त्याचा दक्षिणेकडचा भाग घ्या. उत्तरेची क्यांती, म्हणजे गायोले-राड्डाचा भाग, बहुतेक जंगलाने झाकलेली आहे, चढही जास्त तीव्र. दक्षिणेला क्रेते सेनेझी, म्हणजे सिएनाजवळच्या मातीच्या उघड्या टेकड्या, लागल्या की सगळं उघडं होतं. एका वरंब्यावरून जाताना पुढचे दहा वरंबे दिसतात, प्रत्येकावर एखादं घर आणि सुरूसारख्या उंच सायप्रसची रांग.

मात्र पावसाकडे लक्ष ठेवा. क्रेते म्हणजे प्राचीन समुद्राच्या तळाची चिकणमाती. ती ओली झाली की काय होते हे ज्यांनी सोलापूर-लातूरकडच्या काळ्या रानातून पहिल्या पावसात सायकल ढकलली आहे त्यांना सांगायला नको. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. 2010 च्या जिरो द'इतालिया या इटलीच्या मोठ्या सायकल शर्यतीत मोंताल्चिनोचा टप्पा पावसात झाला, कॅडेल इव्हान्स जिंकला, तेव्हा कोणाची जर्सी कुठल्या रंगाची हे ओळखू येत नव्हतं. पाऊस असेल त्या दिवशी डांबरी रस्ता धरायचा. सिएनाहून अशानोला जाणारा लाउरेताना रस्ता डांबरी आहे, वरंब्याच्या माथ्यावरून जातो आणि देखाव्यात कुठेही कमी नाही.

टायर निदान 35 मिलिमीटर रुंद हवेत, 40 असले तर उत्तम, आणि हवा नेहमीपेक्षा थोडी कमी. खडीच्या उतारावर पुढचा ब्रेक हलक्या हाताने, वळणाच्या आधीच वेग कमी करायचा. पुढची सर्वात लहान चकती मागच्या सर्वात मोठ्या चकतीपेक्षा लहान किंवा तिच्याइतकी असावी. दुकानात जाऊन दात मोजून घ्या. सामान लादलेल्या सायकलला 15 टक्क्यांच्या चढावर दुसरा इलाज नाही.

जेवणाची काळजी करू नका. पिची नावाची हाताने वळलेली जाड शेवई लसूण-टोमॅटोच्या रश्श्यात मिळते. रिबोल्लिता हे पाव, घेवडा आणि काळ्या कोबीचं दाट कालवण, पण त्यात मांसाचा रस्सा नाही ना एवढं विचारून घ्यायचं. पिएन्झाचं मेंढीच्या दुधाचं चीज पिशवीत असू द्या. तिथला पाव बिनमिठाचा असतो, म्हणून जवळ थोडं मीठ आणि लोणचं ठेवा, घामानंतर बरं वाटतं. खरी अडचण वेळेची. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघरं बंद होतात ती संध्याकाळी साडेसातशिवाय उघडत नाहीत, दुकानंही दुपारी बंद.

सुहासकाका

प्रेषक: केतन
विषय: उत्तर: उत्तर: मे मधली सायकल सहल

सुहासकाका, सविस्तर लिहिलंत, आभार. पण मला प्रामाणिकपणे वाटतं की पहिल्यांदाच सामान घेऊन येणाऱ्या तिघांसाठी हे जड जाईल. आपण स्पेनचा विचार का करत नाही? अंदालुसियात व्हिया वेर्दे दे ला सिएरा नावाचा सायकल मार्ग आहे. पुएर्तो सेरानो ते ओल्वेरा, 36 किलोमीटर. गेल्या शतकात रेल्वेसाठी बांधलेला मार्ग, पण त्यावरून गाडी कधीच धावली नाही, म्हणून आता तो सायकलींना दिलाय. 30 बोगदे, चार पूल. रेल्वेचा असल्याने चढ अगदी सौम्य, आणि वाटेत साफ्रामागोनच्या कड्यावर गिधाडांची मोठी वसाहत. मी आणि बायको दोघं जाऊन आलोय. ओल्वेराहून खाली निघालं तर एकंदर उतारच लागतो. मोटारींचा प्रश्नच नाही.

केतन

प्रेषक: सुहास
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: मे मधली सायकल सहल

केतन,

तो मार्ग सुंदर आहे यात वाद नाही, आणि मुलाबाळांना घेऊन जायचं असेल तर मीही तोच सुचवीन. दिवे मात्र न्यावेत, सर्वात लांब बोगदा जवळजवळ एक किलोमीटरचा आहे. पण आठवडाभरासाठी 36 किलोमीटर अपुरे, आणि त्याला जोडून पुढे जायचं तर अंदालुसियाचे डोंगर टस्कनीपेक्षा सोपे नाहीत. शिवाय इथून सायकली घेऊन जायचं म्हणजे विमान आणि खोकी आली. सिएनापर्यंत आपण आल्प्समधल्या ब्रेनर घाटावरून रेल्वेने जाऊ शकतो, फक्त सायकलींची जागा वेळेत आरक्षित करायला हवी.

नवख्या तिघांची तुझी काळजी मात्र रास्त आहे. त्यावर उपाय असा: रोज मुक्काम हलवायचाच नाही. बुओनकॉन्व्हेंतो किंवा अशानो, एकाच गावात राहायचं आणि रिकाम्या सायकलीने फेऱ्या मारायच्या. पॅनिअर (सायकलला अडकवायच्या सामानाच्या पिशव्या) खोलीवर राहिले की चढ निम्मा झाल्यासारखा वाटतो. दोन्ही गावांना रेल्वे स्टेशन आहे, त्यामुळे ज्याला थकवा येईल त्याला सिएनाला गाडीने जाता-येता येईल. गाड्या थोड्या आहेत, रविवारी आणखी कमी, वेळापत्रक खिशात हवं.

बुओनकॉन्व्हेंतो तटबंदीच्या आतलं छोटं गाव आहे, खोऱ्यात वसलेलं. म्हणजे तिथे संध्याकाळी परतताना शेवटचा चढ नाही, उतार आहे. तिथून मोंते ओलिव्हेतोचा मठ जवळ आहे, 1313 मध्ये स्थापन झालेला. चढ आहे पण डांबरी, आणि मठाच्या अंगणाभोवती सिन्योरेल्ली आणि सोदोमा यांची भित्तिचित्रं आहेत. दुसऱ्या दिवशी मोंताल्चिनो, तिथे 567 मीटरपर्यंत चढायचंय, आधी विश्रांती घेऊनच जा. एक दिवस सान क्विरिको आणि बान्यो विन्योनी. तिथे गावच्या चौकाच्या जागी गरम पाण्याचं मोठं कुंड आहे. कुंडात उतरायला मनाई आहे, पण खाली जुन्या गिरण्यांकडे वाहणाऱ्या पाटात पाय सोडून बसता येतं. मोंते सान्ते मारिएचा 11.5 किलोमीटरचा खडीचा पट्टा ज्यांची तयारी असेल त्यांनीच करावा, बाकीचे लाउरेतानाने जातील आणि अशानोत भेटतील.

एक गोष्ट सगळ्यांनी वाचा. क्रेतेत मेंढ्यांचे कळप असतात आणि त्यांच्याबरोबर मोठे पांढरे राखणदार कुत्रे. कळप दिसला की सायकलवरून उतरायचं, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरायची आणि शांतपणे चालत पुढे जायचं. पळायचं नाही, ओरडायचं नाही. त्याचं काम कळप राखायचं आहे, आपण लांब गेलो की तो आपोआप मागे फिरतो. आणि अंधारात गावाबाहेर किंवा बोगद्यात चमकणारं जॅकेट घालणं तिथे कायद्याने सक्तीचं आहे, ते प्रत्येकाने आणावं. नळावर नॉन पोताबिले (पिण्यायोग्य नाही) लिहिलं असेल तर ते पाणी पिऊ नका.

सुहासकाका

प्रेषक: मंजिरी
विषय: उत्तर: मे मधली सायकल सहल, एका गावी मुक्काम

काका, केतन, दोघांचे आभार. एकाच गावी राहायचा विचार मला पटला, केतनलाही फोनवर पटलेला दिसला. बुओनकॉन्व्हेंतोजवळच्या दोन-तीन शेतघरांना मी पत्रं टाकते. ई-बाइकवाल्यांनी बॅटरीची क्षमता कळवा, खोलीत चार्जिंगची सोय विचारायची आहे. बाकीच्यांनी आपल्या सायकलच्या चकत्यांचे दात मोजून पुढच्या रविवारपर्यंत लिहा. ज्यांचा हिशोब काकांच्या सांगण्यात बसत नाही त्यांनी मागची चकती आताच बदलून घ्या, वसंतात दुकानांतून महिनाभर तारीख मिळत नाही.

मंजिरी