जर्मनीत एक सेमिस्टर: क्रेडिट कुठे अडतात, पैसे किती अडकतात?

वाडीतली_आई

नमस्कार मंडळी. मुलगी बडोद्यातच बी.ई. इलेक्ट्रिकल करते, पाचवं सेमिस्टर चालू आहे. कॉलेजच्या करारातून जर्मनीतल्या एका विद्यापीठात एका सेमिस्टरसाठी तिचं नाव जायची शक्यता आहे. तिथली फी माफ, राहणं-खाणं आपलं. समरला (एप्रिल) जायचं की विंटरला (ऑक्टोबर), हे आठवड्याभरात कळवायचंय.

विचारायचंय ते असं. वर्ष वाया न जाता क्रेडिट इथे धरले जातात का? जात नसतील तर गाडी नेमकी कुठे अडते? ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी राहण्या-खाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) पूर्ण वर्षाचे पैसे भरायचे की राहणार तेवढ्याच महिन्यांचे? एजंट वर्षाचेच सांगतो. आणि इथून न्यायचं काय, ठेवायचं काय? "पाठवा हो, अनुभव येतो" म्हणणारे घरात पुष्कळ आहेत, कागदाचं सांगणारं कोणी नाही.

क्रेडिटवाले_काका

ताई, आधी कॅलेंडर घेऊन बसा, बाकी सगळं त्यावर ठरतं.

जर्मनीत विंटर सेमिस्टर कागदावर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च आणि समर १ एप्रिल ते ३० सप्टेंबर. प्रत्यक्ष लेक्चर विंटरला ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, समरला एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या मध्या-अखेरीपर्यंत. परीक्षा त्यानंतर. तिथल्या 'होखशूले'चं, म्हणजे उपयोजित विज्ञानाच्या विद्यापीठाचं, वेळापत्रक यापेक्षा तीन-चार आठवडे आधी धावतं. करार कोणत्या प्रकारच्या विद्यापीठाशी आहे ते आजच विचारा.

विंटरला गेली तर तिचं इथलं सातवं सेमिस्टर जाईल. सातवं म्हणजे कॅम्पस प्लेसमेंटचा हंगाम. शिवाय ती परतेल फेब्रुवारी-मार्चमध्ये, तोवर आठव्याचे दोन महिने उलटलेले, हजेरीचे ७५ टक्के कुठून आणणार? समरला गेली तर सहावं सेमिस्टर तिकडे होतं. जानेवारी ते मार्च रिकामे राहतात, त्यात क्रेडिट मिळणारी इंटर्नशिप किंवा मिनी प्रोजेक्ट आधीच मंजूर करून घ्यावा. सातव्यात उशिरा रुजू होईल, पण तीन-चार आठवड्यांनी, दोन महिन्यांनी नव्हे. माझं मत समर.

आता क्रेडिट. तिकडे एका सेमिस्टरचे पूर्ण ३० ईसीटीएस (युरोपातलं क्रेडिटचं माप) धरतात आणि एक ईसीटीएस म्हणजे २५ ते ३० तासांचं काम (जर्मनीत सहसा ३०). आपल्याकडे नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्कमध्ये वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट, अर्थात क्रेडिटमागे ३० तास. या हिशेबाने २० क्रेडिटला तिचे २० ते २४ ईसीटीएस पुरतात. पण क्रेडिट मान्य करणाऱ्या इथल्या समितीवर जुन्या हिशेबाचं कोणी असलं, की "एक क्रेडिट म्हणजे १५ लेक्चर" धरून दोन ईसीटीएसला एक क्रेडिट देतात. मग तेवढ्याच २० साठी ४० ईसीटीएस करावे लागतील, आणि ते एका सेमिस्टरमध्ये होत नाही. म्हणून हे गुणोत्तर जायच्या आधी, लेखी हवं. परत आल्यावर विचारलं तर जो खुर्चीवर असेल तो ठरवील.

लर्निंग अ‍ॅग्रीमेंट (तिकडे कोणते विषय घ्यायचे त्याचा करार) यावर तीन सह्या लागतात: विद्यार्थिनी, इथलं विद्यापीठ, तिथलं विद्यापीठ. विषय निवडताना तिथल्या मॉड्यूल हँडबुकमध्ये (विषयांच्या माहितीपुस्तिकेत) चार गोष्टी पाहा. शिकवायची भाषा, ईसीटीएस, आधी कोणते विषय झालेले हवेत, आणि तो विषय समरला असतो का. बरेच विषय वर्षातून एकदाच शिकवतात, आणि नेमकं हेच पाहायचं राहून जातं. पाच विषय हवे असतील तर आठ मंजूर करून घ्या. तिथे पोचल्यावर दोन विषय वेळापत्रकात एकमेकांवर येतात, एखादा फक्त जर्मनमध्ये निघतो, मग बदलाचा फॉर्म भरून इकडून सही येईपर्यंत महिना जातो.

वाडीतली_आई

काका, फार उपकार. विभागप्रमुखांनी "होऊन जाईल" असं तोंडी सांगितलंय. तेवढं पुरेल ना? आणि मार्कांचं कसं करतात?

क्रेडिटवाले_काका

नाही पुरणार. विभागप्रमुखांचं पत्र, त्यावर डीनची सही, आणि अभ्यास मंडळाने किंवा समकक्षता समितीने तिकडचा विषय आणि इकडचा विषय समोरासमोर मांडलेला तक्ता. त्याची एक प्रत परीक्षा विभागात आवक क्रमांकासह द्या. पुढे गुणपत्रिका तोच विभाग काढणार आहे. तिचा अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (क्रेडिट जमा राहतात ती सरकारी नोंद) आयडी डिजिलॉकरमधून निघालेला आहे ना, आणि त्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतं ना, हेही पाहून ठेवा.

मार्कांची गंमत अशी की जर्मनीत १,० सगळ्यात वरचा ग्रेड, ४,० ला पास, ५,० ला नापास. शिवाय ते दशांशाला टिंब देत नाहीत, स्वल्पविराम देतात. ट्रान्स्क्रिप्टवर "१,३" आलं की इथला क्लार्क दहापैकी १.३ टाकून मोकळा होतो, आणि वर्गातली पहिली मुलगी नापास दिसते. यावर उपाय म्हणजे ग्रेड बदलून घ्यायचं तथाकथित बव्हेरियन सूत्र. इथले जास्तीत जास्त गुण १० आणि पासाची रेषा ४ धरली तर: १० वजा (जर्मन ग्रेड वजा १) गुणिले २. म्हणजे १,३ चे ९.४ आणि २,७ चे ६.६. पासाची रेषा ५ असेल तर शेवटचा गुणक २ नाही, ५ भागिले ३. कोणतं सूत्र लावणार ते त्याच पत्रात लिहून घ्या.

पेन्शनर_प्रतापनगर

पैशाचं मी सांगतो.

वर्षाचे भरायची गरज नाही. सध्याचा आकडा महिन्याला ९९२ युरो, वर्षाचे ११,९०४. एक्स्चेंजला जेवढे महिने राहणार तेवढेच: सहा महिन्यांचे ५,९५२. अट एवढीच, की तिथल्या प्रवेशपत्रावर 'पासून' आणि 'पर्यंत' दोन्ही तारखा हव्यात. नुसतं "समर सेमिस्टर" लिहिलेलं पत्र आलं तर बदलून मागवा. एजंट पूर्ण डिग्रीच्या मुलांची यादी सगळ्यांच्या हातात देतो. एक्स्चेंजची यादी वेगळी असते, ती जर्मन मिशनच्या (दूतावास-कॉन्सुलेटच्या) साइटवरून स्वतः उतरवा. गुजरातचे अर्ज मुंबईच्या कॉन्सुलेटकडे जातात, आणि हवा तो नॅशनल (डी) व्हिसा, फी ७५ युरो.

बडोद्याने परदेशी शिकायला माणूस पाठवण्याची रीत जुनी. १९१३ साली बाबासाहेबांना कोलंबियासाठी संस्थानने महिन्याला साडेअकरा पौंड असे तीन वर्षांसाठी मंजूर केले होते. ब्लॉक्ड अकाउंटही तसंच चालतं: गठ्ठा आपला, पण हातात महिन्याच्या महिन्यालाच.

बँकेत फॉर्म ए-२ (परदेशी पैसे पाठवायचा) भरताना उद्देश-संकेत एस०३०५ (शिक्षणासाठी प्रवास, त्यात फी-हॉस्टेल येतं). परदेशी बँकेचे चार्जेस कोण भरणार, तिथे "ओयूआर" म्हणून सांगा. "एसएचए" राहिलं तर मधली बँक आपलं कापून घेते, खात्यात ५,९५२ ऐवजी ५,९३० पोचतात, आणि उरलेले येईपर्यंत ब्लॉक्ड अकाउंटवाले कन्फर्मेशन देत नाहीत. २२ युरोसाठी पुन्हा एक ट्रान्सफर, पुन्हा चार्ज, आणि व्हिसाची अपॉइंटमेंट दारात. ब्लॉक्ड अकाउंटवाल्यांच्या सेवाशुल्काचे वेगळे भरायचे, तेही पहिल्याच फटक्यात जोडा.

युरो शंभर ते एकशेपाच धरला तर हे सहा-सव्वासहा लाख होतात. एका पॅनवर एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या आत टीसीएस (पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) नाही. एजंटच्या सांगण्याप्रमाणे वर्षाचे भरले असते तर ती रेषा ओलांडली असती, आणि रिटर्न भरून परतावा येईपर्यंत पैसे अडकले असते.

फी माफ म्हणजे सगळं माफ नव्हे. 'सेमिस्टरबाइट्राग' नावाची रक्कम एक्स्चेंजवाल्यांनाही भरावी लागते, विद्यापीठानुसार साधारण १०० ते ३५० युरो, त्यात बहुतेक ठिकाणी बस-रेल्वेचं तिकीट येतं. खोलीचं डिपॉझिट वेगळं, कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं. ब्लॉक्ड अकाउंटचा पहिला हप्ता तिथलं चालू खातं उघडल्याशिवाय येत नाही आणि खात्याला बहुतेकदा पत्त्याची नोंद लागते. म्हणून फॉरेक्स कार्डवर पंधराशे युरो वेगळे ठेवा.

रावपुरा_ते_ऱ्हाईन

पेन्शनर काकांचं सगळं बरोबर, एक भर. हॉस्टेलचा करार बहुधा सेमिस्टरभराचा, म्हणजे सप्टेंबरअखेरपर्यंत असतो. मुलगी ऑगस्टमध्ये परतली तरी भाडं चालू. मधल्या काळात दुसऱ्याला देता येतं, पण हॉस्टेलची लेखी परवानगी घेऊनच, आणि ती मे-जूनमध्ये मागावी.

पोचल्यावरचा क्रम असा. घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद ('आनमेल्डुंग'), त्याला पासपोर्टबरोबर घरमालकाच्या किंवा हॉस्टेलच्या सहीचा फॉर्म लागतो, नुसता भाडेकरार चालत नाही. मग बँक खातं, मग ब्लॉक्ड अकाउंट सुरू करणं.

विम्यात मुलं नेहमी अडखळतात. विद्यापीठात नाव नोंदवायला सरकारी विमा कंपनीकडून थेट विद्यापीठाला इलेक्ट्रॉनिक कळवणं जावं लागतं, विम्याचं छापील कार्ड दाखवून भागत नाही. सरकारी विमा विद्यार्थ्याला महिन्याला साधारण १४० ते १५० युरो. तो सुरू होतो १ एप्रिलपासून, मुलगी उतरते २५ मार्चला. मधल्या आठवड्याचा प्रवासविमा घेतलेला नसेल तर व्हिसाच अडतो.

आणि हे मुलीला दोनदा सांगा: वर्गात बसलं म्हणजे परीक्षेला बसता येतं, असं तिकडे नाही. परीक्षेची नोंदणी वेगळी, पोर्टलवर, ठरलेल्या मुदतीत. समरला ती मे-जूनमध्ये असते. मुदत हुकली की शिक्षकाची कितीही इच्छा असली तरी नाव यादीत येत नाही, आणि इकडे त्या विषयापुढे शून्य क्रेडिट. नको असलेल्या विषयातून नाव काढायचीही मुदत असते. परीक्षा ऑगस्टमध्ये ढकललेली दिसली तर एप्रिलमध्येच शिक्षकाला विचारावं, एक्स्चेंजवाल्यांची तोंडी परीक्षा आधी घेतात का. बरेच जण घेतात, पण जुलैमध्ये विचारलेलं ऐकत नाहीत.

व्हिसाच्या स्टिकरवर शेवटची तारीख पाहा. ती परतीच्या पुढची असेल तर तिथे वेगळा रहिवासी परवाना काढायची कटकट नाही. तिकीट मात्र तारीख बदलता येईल असंच घ्या.

मेतकूट_भात

तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, म्हणून.

युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, श्रीखंड घरीच. आजीने डब्यात गुपचूप घातलं तरी सापडल्यावर जातं. लीलो चिवडा, भाकरवडी, मेतकूट, गोडा मसाला, भाजणी चालते. लोणचं हातसामानात नको. ताजा कढीपत्ता आणि आंबे नकोत, ताज्या फळा-पाल्याला वनस्पती-आरोग्याचा दाखला मागतात. कढीपत्ता वाळवून न्या.

औषधं तीन महिन्यांपुरतीच, मूळ पाकिटात, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसह.

वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, पण आपल्या तीन जाड पिनांचा प्लग तिथे बसत नाही. मोबाइलच्या दोन बारीक पिना बसतात. एक्स्टेंशन बोर्ड तिकडचाच घ्यावा.

कुकर तीन लिटरचा पुरे, स्टीलचा, इंडक्शन बुडाचा. हॉस्टेलमध्ये कधी काचेची शेगडी असते, कधी इंडक्शन, आणि साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही. जादा गॅस्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह सोबत द्या, तिकडच्या दुकानात आपल्या मापाचे मिळणं कठीण. फोडणी देताना खिडकी उघडी आणि दार बंद, कारण धूर पॅसेजमध्ये गेला की अलार्म वाजतो, मग अख्खी इमारत खाली उतरते आणि अग्निशमनाच्या फेरीचं बिल खोलीच्या नावावर येऊ शकतं. मोहरी तडतडू द्यायची, तेल धुरावू द्यायचं नाही.