प्रॅक्टिकल शूटिंगसाठी पहिले पिस्तूल आणि सोबतचे साहित्य : सल्ला हवा आहे

उशिराचा_नेम

नमस्कार. गेली काही वर्षे मी दहा मीटर एअर पिस्तूल खेळतो आहे आणि आता आयपीएससीच्या (या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमांनुसार होणाऱ्या प्रॅक्टिकल शूटिंगकडे, म्हणजे हालचाल करत वेगाने आणि अचूक नेम साधण्याच्या खेळाकडे, वळायचे ठरवले आहे. परवाना आणि क्लबचे सुरक्षा-प्रशिक्षण पूर्ण झाले आहे, त्यामुळे प्रश्न उरला आहे तो साहित्याचा. सुरुवात प्रॉडक्शन डिव्हिजनमध्ये (फारसे बदल न केलेल्या पिस्तुलांच्या गटात) ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाने करावी, असे वाटते. सीझेड शॅडो २ आणि ग्लॉक १७ ही दोन पिस्तुले चालवून पाहिली. पहिल्याचा धक्का जवळजवळ जाणवत नाही, मात्र त्याचा पहिल्या गोळीचा ट्रिगर मला फार जड वाटला. दुसऱ्याचा ट्रिगर प्रत्येक गोळीला सारखाच आहे, पण प्रत्येक गोळीनंतर माशी (नळीच्या पुढच्या टोकावरची नेम धरायची खूण) बरीच वर उचलली जाते. माझा पंजा लहान आहे आणि चाळिशी लागल्यामुळे पुढची माशी आता धूसर दिसते. यांपैकी कोणते घ्यावे? आणि होल्स्टर, पट्टा, मॅगझिन यांत काय आधी घ्यावे?

पुंगळी_वेचक

आपण एअर पिस्तुलाकडून येत आहात, हे सांगितलेत ते बरे झाले, कारण आपल्या तक्रारीचे मूळ बहुधा तिथेच आहे. त्या प्रकारात ट्रिगरचे किमान वजन ५०० ग्रॅम असते. प्रॉडक्शनमध्ये एक तर पहिल्या गोळीला किमान २.२७ किलो किंवा प्रत्येक गोळीला किमान १.३६ किलो, असा नियम आहे. शॅडो २ पहिल्या पर्यायात बसते. स्पर्धेत हॅमर (मागचा घोडा) पूर्ण खाली उतरवूनच ते होल्स्टरमध्ये ठेवावे लागते, म्हणून पहिली गोळी लांब आणि जड ओढीने सुटते व पुढच्या सर्व गोळ्या हलक्या ओढीने सुटतात.

आता हिशेब पाहू. प्रॉडक्शनमध्ये सर्वांचे गुण मायनर पद्धतीने (कमी ताकदीच्या काडतुसांसाठीच्या) मोजले जातात, म्हणजे लक्ष्यावरच्या मधल्या 'ए' भागाला ५, त्याबाहेरच्या 'सी'ला ३ आणि 'डी'ला १. एकूण गुणांना सेकंदांनी भागले की हिट फॅक्टर मिळतो. समजा, एका स्टेजवर (स्पर्धेतल्या एका फेरीत) आपला हिट फॅक्टर ८ येतो, म्हणजे तिथे एक सेकंद आठ गुणांचा झाला. पहिली गोळी 'ए'ऐवजी 'सी'मध्ये गेली तर दोन गुण, अर्थात पाव सेकंद गमावला. जड ट्रिगरमुळे होणारे नुकसान इतपतच आहे आणि तेही स्टेजमागे एकदाच. उलट, माशी लवकर जागेवर आल्यामुळे वाचणारा वेळ एकाच लक्ष्यावर लागोपाठ झाडलेल्या दोन गोळ्यांच्या प्रत्येक जोडीत मिळत राहतो. म्हणून माझे मत शॅडो २ च्या बाजूने आहे. सुमारे १.३ किलोचे ते पोलादी धूड दिवसभर कमरेला वागवणे सुखाचे नसते, ही गोष्ट वेगळी.

साधा_चाप

वरील हिशेब बरोबर असला तरी त्यात लहान पंजाचा विचार झालेला नाही, आणि या प्रश्नात मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हॅमर खाली असताना ट्रिगर बराच पुढे असतो. बोट तिथपर्यंत पोहोचावे म्हणून माणूस नकळत मूठ फिरवतो, मग नळी मनगटाच्या आणि हाताच्या सरळ रेषेत राहत नाही आणि अंगठ्याच्या बुडाशी धक्का बसू लागतो. अशी फिरलेली मूठ पहिल्या गोळीनंतर सुधारता येत नाही, ती पूर्ण स्टेजभर तशीच राहते. त्यामुळे नुकसान पाव सेकंदापुरते मर्यादित राहत नाही.

विकत घेण्यापूर्वी एक चाचणी करावी. पिस्तूल व मॅगझिन दोन्ही रिकामी असल्याची खात्री करून, काडतुसे त्या जागेपासून दूर ठेवून, सुरक्षित दिशेला मूठ घट्ट धरावी. हॅमर खाली असताना पहिल्या पेराचा मांसल भाग ट्रिगरवर सपाट बसतो का, ते पाहावे. केवळ बोटाचे टोक टेकत असेल तर हे पिस्तूल आपल्यासाठी नाही, किंवा किमान पातळ ग्रिप लावून पुन्हा तपासावे. प्रॉडक्शनमध्ये बदल करण्यावर बरेच निर्बंध आहेत, तेव्हा कोणताही सुटा भाग घेण्याआधी तो नियमांत बसतो का, हे क्लबमधील रेंज ऑफिसरला विचारून घ्यावे.

आणखी एक मुद्दा अनेकदा बोलण्यातून सुटतो. चेंबरमध्ये गोळी भरल्यावर शॅडो २ चा हॅमर अंगठ्याने धरून हळूच उतरवावा लागतो. अंगठा निसटला तर गोळी सुटते आणि स्पर्धेतून बाद व्हावे लागते. घामाने ओल्या झालेल्या हातांनी, पंच शेजारी उभे असताना, हे करायची सवय लावून घ्यावी लागते. ग्लॉकमध्ये हा प्रसंग येतच नाही.

पुंगळी_वेचक

मुठीचा मुद्दा मान्य. पिस्तूल हातात बसत नसेल तर माझा हिशेब निरुपयोगी आहे.

काच_आणि_ठिपका

दोघांनीही चाळिशीकडे दुर्लक्ष केले, म्हणून लिहितो. माझे डोळे असेच आहेत. उघड्या माशीवर नेम धरताना नजर माशीवर स्थिर करावी लागते आणि वाचनाचा चष्मा लावला तर लक्ष्य धुरकट होते. प्रॉडक्शन ऑप्टिक्स डिव्हिजनमध्ये स्लाइडवर (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर) रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारे नेमयंत्र, असतो. तिथे नजर लक्ष्यावरच ठेवायची असते आणि ठिपका त्यावर आपोआप तरंगताना दिसतो. ६ एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) ठिपका २५ मीटरवर सुमारे साडेचार सेंटिमीटर जागा व्यापतो, हे वेगवान नेमासाठी पुरेसे बारीक आहे. सुरुवातीला पिस्तूल वर आणल्यावर ठिपका सापडतच नाही आणि माणूस काचेत शोधत बसतो. काही आठवडे रोज रिकाम्या पिस्तुलाने सराव केल्यावर ही अडचण जाते. आपण ज्या वयात हा खेळ सुरू करत आहात, ते पाहता ऑप्टिक बसवण्याची सोय असलेले पिस्तूलच घ्यावे, मग ते दोघांपैकी कोणतेही असो.

एक सावधगिरी. माझ्या पहिल्याच मोठ्या स्पर्धेत तिसऱ्या स्टेजवर ऑप्टिकचे स्क्रू सैल झाले आणि ठिपका कुठेही असला तरी गोळ्या भलतीकडेच जात होत्या. तेव्हापासून मी टॉर्क रेंचने स्क्रू आवळतो, मध्यम ताकदीचा थ्रेड लॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) लावतो आणि स्क्रूच्या डोक्यावर रंगाची बारीक रेघ ओढतो. रेघ सरकली की स्क्रू सैल झाला, हे नजरेलाच कळते.

उशिराचा_नेम

सर्वांचे आभार. आज चाचणी करून पाहिली. शॅडो २ वर माझ्या बोटाचे फक्त टोक टेकते. पातळ ग्रिप लावल्यावर थोडा फरक पडला, पण मूठ फिरतेच आहे. त्यामुळे ग्लॉक १७ ची ऑप्टिक बसवता येणारी आवृत्ती घ्यावी, या निर्णयाकडे मन झुकले आहे. आता बाकीच्या साहित्याबद्दल सांगावे.

साधा_चाप

पहिला खर्च पट्ट्यावर करावा. आतला पातळ पट्टा पँटच्या लूपमधून जातो आणि बाहेरचा कडक पट्टा त्यावर वेल्क्रोने घट्ट बसतो. मऊ पट्ट्यावर उत्तम होल्स्टरही डोलतो. होल्स्टर कायडेक्सचा (कडक प्लास्टिकचा), ट्रिगर पूर्ण झाकणारा आणि आपण घेतलेल्या पिस्तुलाच्या नेमक्या मॉडेलसाठी बनवलेला असावा. ऑप्टिकसाठी वरचा भाग कापलेला आहे ना, हे पाहावे. होल्स्टर व मॅगझिनचे पाऊच शरीरापासून ५० मिलिमीटरपेक्षा जास्त लांब नसावेत, असा नियम आहे.

मॅगझिन पाच घ्यावीत. आपल्या डिव्हिजनमध्ये एका मॅगझिनमध्ये १५ गोळ्यांची मर्यादा आहे आणि लांब स्टेजला ३२ गोळ्यांपर्यंत लागतात. कागदावर तीन मॅगझिन पुरतात. पण एखादे जमिनीवर पडते, एखादे अर्धे भरलेले असताना बदलावे लागते, आणि पोलादी प्लेट चुकली की जादा गोळी जातेच. कोणत्याही एका जागेवरून ९ पेक्षा जास्त हिट मागता येत नाहीत, त्यामुळे मॅगझिन बदल बहुतेक चालता चालता होतो. पहिला पाऊच कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाच्या किंचित मागे, हात सहज पडेल असा लावावा.

डोळ्यांचे व कानांचे संरक्षण अनिवार्यच आहे. इलेक्ट्रॉनिक मफ घेतल्यास पंचांच्या सूचना स्पष्ट ऐकू येतात. शॉट टायमर (प्रत्येक गोळीची वेळ नोंदवणारे यंत्र) लवकर घ्यावा, कारण त्याशिवाय आपण कुठे वेळ घालवतो ते कळत नाही. जाळीदार खिशांच्या महागड्या पिशव्या वगैरे राहू द्याव्यात.

पुंगळी_वेचक

काडतुसांबद्दल थोडे. मायनरसाठी पॉवर फॅक्टर (काडतुसाच्या ताकदीचा आकडा) किमान १२५ लागतो : गोळीचे वजन ग्रेनमध्ये गुणिले वेग फूट प्रति सेकंद, भागिले हजार. १२४ ग्रेनची गोळी १०५० च्या वेगाने गेली तर १३० येतो. अगदी १२६ वर थांबू नये; थंड दिवशी वेग थोडा कमी भरला आणि क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) आकडा खाली गेला तर निकालात शून्य लागते. पाचही मॅगझिनांना तळाशी १ ते ५ असे क्रमांक घालावेत. अडकणारी गोळी नेहमी एकाच मॅगझिनमधून येत असेल तर दोष पिस्तुलात आहे की मॅगझिनमध्ये, हे त्यावरून लगेच कळते.