विषय: माणच्या शेतकऱ्यांना रब्बीचं बियाणं

सर्व सभासदांस नमस्कार,
आपल्या परदेशातल्या मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमातून थोडी रक्कम उरली आहे. ती साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांच्या बियाण्यासाठी द्यावी, असं कार्यकारिणीत ठरतंय. काका आता वाशीतच असतात. तिथल्या एपीएमसीच्या घाऊक बाजारातून ४ क्विंटल चांगली संकरित ज्वारी घेऊन त्यांनी टेम्पोने पाठवावी. हरकत असल्यास कळवा.
– खजिनदार

खजिनदारसाहेब,
हरकत आहे.
एपीएमसीच्या दाणाबाजारात मिळते ती खायची ज्वारी. तिचं वाण कुठलं, साल कुठलं, पेरली तर उगवेल का, हे आडत्यालाही ठाऊक नसतं. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग असतो, तो बघून घ्यायचं. या बाजारातले माथाडी बरेचसे माण-खटावचेच. त्यांच्यातल्या एकाला तुमचा बेत सांगितला, तर तो म्हणाला, "दाण्याचं ऱ्हाऊ द्या काका, कडबा किती पडंल?"
खरा प्रश्न तोच आहे. २०१८-१९ च्या दुष्काळात माणमध्ये चारा छावण्या होत्या. भाकरीची सोय कशीही होते, बैल-म्हशींची होत नाही. संकरित ज्वारी चालली ती खरिपात. रब्बीत लोक अजून मालदांडी ३५-१ सारखी सरळ वाणं धरून आहेत, ती दाण्याइतकीच कडब्यासाठी. शिवाय संकरित बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं. सरळ वाणाचं नीट निवडून ठेवलं तर दोन-तीन वर्षं घरचंच चालतं.
सुधारित बी द्यायचंच तर आधी जमीन विचारा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने हलक्या रानासाठी फुले अनुराधा, मध्यमसाठी फुले सुचित्रा आणि भारीसाठी फुले वसुधा दिली आहे. वसुधा मुरमाड रानात टाकलीत तर दाणे भरायच्या वेळी ओल संपलेली असणार, आणि नाव जाईल बियाण्याचं. एकरी ४ किलो धरा. तुमच्या ४ क्विंटलात १०० एकर होतात. सोबत गंधकाची पुडी द्या, किलोला ४ ग्रॅम चोळलं की काणी रोग आवरतो.
– काका, वाशी

काका, एक शंका. ४ किलोचे पैसे ते असे कितीसे? शेतकरी स्वतःच का घेत नाहीत?
– एक सभासद

घेतात की. पण परतीच्या पावसाने दगा दिला की राखलेलं बी घरात खाऊन संपतं. पुढच्या पेरणीला उसनवारी, किंवा दुकानदार देईल ते उधारीवर. म्हणून आपलं बी गेल्या वर्षी ज्यांचं पीक गेलं त्यांना आधी मिळावं. नावं गावातल्या बायकांच्या बचत गटाने ठरवावीत, कोणाचं रान कसं हे त्यांना पाठ असतं. कार्यकारिणीने यादी करू नये, फोटोचा कार्यक्रम तर नकोच.
पैशांचं सांगतो. मंडळाच्या खात्यातून थेट गटाला पाठवू नका. परदेशी देणगी एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येते, आणि तिलाही ते पैसे पुढे गटाला देता येत नाहीत. तेव्हा तशा संस्थेनेच बी घेऊन वाटायला हवं. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. फार लवकर पेरलं तर खोडमाशीची कीड, उशीर झाला तर ओल उडते. पैसे जुलैअखेर हातात आले तर बियाणं वेळेत मिळेल. ऑगस्ट उलटला तर यंदा राहू द्या, पुढच्या साली बघू.
– काका

काकांचं मान्य. संकरितचा विषय मागे घेतो. संस्थेचा शोध या आठवड्यात सुरू करतो. कोणाच्या माहितीत असल्यास मला कळवा.
– खजिनदार