डेमोक्रिटसच्या आधी थिओफ्रॅस्टसला मान द्या

निळीशाई: रसायनशास्त्राचा इतिहास सांगताना आपण ग्रीक तत्त्वज्ञ डेमोक्रिटसपासून सुरुवात करतो: पदार्थ तोडत गेलं की शेवटी न तुटणारा कण उरतो. मला हे खटकतं. कल्पना थोर, पण पदार्थाला हात कुठे लावलाय? खरा मान ॲरिस्टॉटलच्या शिष्याचा, थिओफ्रॅस्टसचा. दगडांवरच्या त्याच्या छोट्याशा ग्रंथात सफेद्याची, म्हणजे शिशापासूनच्या पांढऱ्या रंगाची, कृती आहे. विटेएवढं शिसं मडक्यात व्हिनेगरवर ठेवायचं. दहाएक दिवसांत त्यावर जाड थर धरतो, तो खरवडायचा. शिसं पुन्हा आत, ते संपेपर्यंत. खरवड कुटून निथळायची. तळाशी बसतो तो सफेदा. तांब्याच्या खलात, तांब्याच्याच बत्त्याने हिंगूळ (पाऱ्याचं लाल खनिज) व्हिनेगर घालून घोटला की पारा सुटतो, हेही त्याने लिहून ठेवलंय. रसायनशास्त्र म्हणतात ते हे!

अंजनवेल: साफ असहमत. त्याच ग्रंथाची सुरुवात वाचा: धातू पाण्यापासून, दगड मातीपासून. ही चौकट कुठून आली? तत्त्वज्ञांकडूनच. 'सगळं पाण्याचं' हे थेलीस या ग्रीक तत्त्वज्ञाचं म्हणणं चुकलं, पण सगळं कशाचं बनलंय हा प्रश्न त्याने देवांना मध्ये न आणता विचारला. तो प्रश्न नसता तर सफेद्याची कृती नुसती कृतीच राहिली असती.

दगडफूल: आणि तत्त्वज्ञ हात लावत नव्हते हेही खरं नाही. एम्पेडोक्लिस या तत्त्वज्ञाने पाणी उचलायच्या भांड्याचं उदाहरण दिलंय. तळाला भोकं, वर अरुंद तोंड. तोंड हाताने दाबून भांडं पाण्यात बुडवा, पाणी आत शिरत नाही. हात काढा, शिरतं. म्हणजे आत हवा होती, आणि हवा ही वस्तू आहे! घरी करून बघा.

सांजवात: पण एम्पेडोक्लिसच्याच चार तत्त्वांनी (माती, पाणी, हवा, अग्नी) पुढे वाट अडवली ना? ॲरिस्टॉटलने ती उचलली, अणू नाकारले, आणि दोन हजार वर्षं पाणी मूलतत्त्वच राहिलं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएच्या १७८९च्या यादीतल्या ३३ मूलद्रव्यांत पाणी नाही, तेव्हा कुठे सुटका झाली.

निळीशाई: अंजनवेल, चौकटीचा मुद्दा मान्य. दगडफूल, भांड्याचाही. पण शिसं मडक्यात ठेवणाऱ्या कारागिराला धातू पाण्याचा की मातीचा याने काय फरक पडत होता? त्याला दहा दिवस ठाऊक होते. थिओफ्रॅस्टस त्याच्याकडे बघत उभा राहिला आणि त्याने ते लिहून घेतलं. म्हणून मी अजूनही त्याच्याच बाजूने.