घोड्याला डाग की चिप? अकलूजच्या बाजारातून आल्यावर पडलेला प्रश्न

भीमाकाठ
अकलूजच्या घोडेबाजारात गेलो होतो. एकानं घोडा पुढं केला, "रेसचा आहे मालक, पुण्याहून उतरलेला." कागदात कपाळावर फक्त चांदणी. समोरच्या जनावराला नाकापर्यंत पट्टा! विचारलं तर म्हणे वयानं वाढतो. (सब्जा, म्हणजे करड्या रंगाचा घोडा, वयानं पांढरा होतो हे खरं, पण पट्टा वाढलेला मी तरी पाहिला नाही.) वर म्हणतो, "चिप असेल की ओ मानेत." असेल, कातडीखाली टोचलेली ओळखीच्या आकड्याची. पण बाजारात ती वाचायचं यंत्र कुणाकडं?

माझं म्हणणं एवढंच की शर्यतीत पळालेल्या प्रत्येक घोड्यावर नुसत्या डोळ्यांना दिसणारी कायमची खूण हवी. ऑस्ट्रेलियात खांद्यावर थंड डाग देतात. साचा द्रव नायट्रोजनमध्ये गार करून टेकवला की केसांचा रंग मरतो आणि तिथं पांढरे केस उगवतात. लांबून वाचता येतो.

निवृत्त पशुवैद्य, बार्शी
साफ असहमत. आकड्याचा डाग वाढवता येतो, ३ चा ८ करायला किती वेळ लागतो? शिवाय ऑस्ट्रेलियाचंच उदाहरण दिलंत म्हणून सांगतो. १९८४ मध्ये ब्रिस्बेनला 'फाइन कॉटन' नावाच्या साध्या घोड्याच्या जागी 'बोल्ड पर्सनॅलिटी' हा तेज घोडा पळवला. केसांना कलप आणि पायांना पांढरा रंग! डागांच्या देशात झालं हे. अमेरिकेत १९४७ पासून वरच्या ओठाच्या आत गोंदत होते, पहिलं अक्षर जन्मवर्षाचं. वय झालं की गोंदण पुसट होतं. शेवटी २०१७ पासून जन्मलेल्या शिंगरांना तिथं चिपच सक्तीची झाली. पंधरा आकडे, रंग लावून बदलत नाहीत.

पागेवाला
डॉक्टरसाहेब, चिप बदलत नाही, घोडा बदलतो! २०१७ लाच इंग्लंडात ग्रेट यारमथला दोन वर्षांच्या शिंगरांची शर्यत होती. एका रुपयाला पन्नास असा भाव असलेली घोडी जिंकली. नंतर चिप तपासली तर ती त्याच तबेल्यातली तीन वर्षांची दुसरीच घोडी! मैदानावर आल्यावर तपासणी झाली होती, पण पळायला नेताना अदलाबदल झाली. तेव्हा यंत्र होतं, फक्त योग्य वेळी कुणी लावलं नाही.

निवृत्त पशुवैद्य, बार्शी
म्हणजे चूक चिपची नव्हे, माणसाची. आणि पकडली शेवटी चिपनंच.

पागेवाला
पैसे वाटून झाल्यावर.

माढ्याची सून
तुम्ही दोघं घोड्याच्या केसांतले भोवरे विसरलात. आमचे सासरे घोडा बघताना पहिल्यांदा भोवरेच मोजायचे. त्यांना शुभ-अशुभ बघायचं असायचं, ते मला पटत नाही. पण भोवऱ्याची जागा आयुष्यभर बदलत नाही. रेसच्या घोड्यांच्या कागदावरही चित्र काढून भोवरे दाखवतात. फुकटची ओळख. गिऱ्हाइकानं कागद आडवा धरून निदान तेवढं तरी बघावं.

भीमाकाठ
वहिनी, पटलं. तरी डाग सोडत नाही. अलाउद्दीन खिलजीनं लष्करातल्या घोड्यांना डाग लावले, पुढं अकबरानंही तेच केलं. कारण एकच, हजेरीला लोक भाड्याचं तट्टू उभं करायचे. आणि नायट्रोजनची अडचण सांगू नका, गावोगावच्या कृत्रिम रेतनवाल्याच्या कॅनमध्ये तो असतोच.

टांगा स्टँड
खर्च कोण देणार ते सांगा की बे आधी. रेसवाले देतील. लग्नात नवरदेव मिरवणाऱ्या घोडीवाल्यानं कुठून आणायचं? गाईच्या कानात पिवळा बिल्ला सरकारनं मारला, तो कुंपणात अडकून तुटला.

भीमाकाठ
मी फक्त शर्यतीच्या घोड्यांचं बोलतोय. घोडी तुझी तशीच राहू दे.

माढ्याची सून
पण त्या पट्टेवाल्याचं काय झालं? घेतला का?

भीमाकाठ
नाही. पट्ट्याचे केस बाजूला सारून पाहिले. खऱ्या पांढऱ्या खुणेखाली कातडी गुलाबी असते, याची काळी. दुपारी तोच घोडा पलीकडच्या रांगेत 'अस्सल काठेवाडी' म्हणून उभा. काठेवाडीचे कान आत वळलेले असतात, तेवढं तरी बघायचं की नाही!